आमाला जेवायला कोण बोलावणार

आमाच्या दोन्ही हातांवर पांढरे जाड मोजे चढवले होते आणि ते मोजे पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधले होते. आदल्या दिवशी तिने नाकातली नळी ओढून काढली होती, म्हणून. नाकाखाली रक्त सुकून काळं झालं होतं. फिलिपिन्सची एक नर्स चमच्यात पेजेसारखं काहीतरी घेऊन तिच्या ओठांना लावत होती आणि "आमा, ईट, ईट" म्हणत होती. आमाने तोंड मिटलं होतं. एकोणनव्वद वर्षांच्या बाईच्या तोंडात दात किती असणार, पण जबडा असा आवळला होता की चमचा आत जाणं शक्य नव्हतं. पेज हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळली. नर्सने पुसली. पुन्हा चमचा, पुन्हा तेच.

अर्धांगाच्या झटक्यानंतरचा तो सहावा दिवस होता. तिच्या सुनेने मला बाहेर लिफ्टपाशीच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, गिळता येतं, पण ही गिळत नाही. परवा संध्याकाळपर्यंत वाट बघू. तोवर तोंडाने खाल्लं नाही तर पुन्हा नळी घालायची आणि पुन्हा हात बांधायचे. नाहीतर नळी नको म्हणायचं, घरी न्यायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. "आम्ही दुसरं, घरी न्यायचं ठरवलंय," सून म्हणाली. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

आमाने मला पाहिलं. तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली होती, पण डोळे जागेवर होते. नर्सने चमचा उचलला तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नको."

नर्स माझ्याकडे वळली. "बघा, दर वेळी हेच म्हणते. घरच्यांनाही कळत नाही. कुठली बोली आहे ही?"

"माझी," मी म्हटलं.

इथे एक सांगून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी मला बाजारापुरतं येतं, तेही इथे अकरा वर्षं भाजी घेऊन घेऊन आलेलं. जे अडलं ते माझ्या नातीने सांगितलं. ती तेरा वर्षांची आहे आणि दुभाषी म्हणून बरी आहे, फक्त मधेच स्वतःची मतं घालते. सगळ्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

आम्ही इथे परदेशात, बुकित पंजांग नावाच्या भागात, सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. आमाचं दार आमच्या दाराला लागून. मधे सामायिक गॅलरी, तिच्या तीन कुंड्या, माझी एक तुळस, भिंतीवर तिचा लाल देव्हारा. संध्याकाळी दोघी दाराबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसायचो. खालून एलआरटीचे, म्हणजे इथल्या छोट्या लोकलचे, डबे जायचे यायचे. ती लसूण सोलायची, मी पालेभाजी निवडायची.

ती तेओच्यू बोलते, आमा म्हणजे त्या बोलीत आजी. चिनी लोकांच्या ज्या अनेक बोली आहेत त्यातली एक. लग्न होऊन ती यिशुनकडच्या एका खेड्यात आली होती. तेव्हा तिथे डुकरं आणि भाजीचे मळे होते, आणि आजूबाजूला सगळे तेओच्यूच. पुढे खेडं उठलं, फ्लॅट मिळाले. तिचं ओळखपत्र गुलाबी आहे, म्हणजे ती इथली पक्की नागरिक. त्यावर वंश चिनी असं लिहिलं आहे. पण टीव्हीवर जी चिनी बोलतात, शाळेत जी शिकवतात, ती मँडरिन तिला धड येत नाही. हो-ला हो करण्यापुरती येते.

आमच्यात बोलणं कसं व्हायचं असं लोक विचारतात. व्हायचं. बोटाने दाखवून, हसून, एकमेकींच्या दहा-वीस शब्दांवर. ती मला तिचे सुकवलेल्या मांसाचे तुकडे द्यायला बघायची, मी "नको, नको" म्हणायची. मी तिला ठेचा दिला, तिने जिभेला लावला आणि हात उडवून तिनेही मला सुनावलं, "नको, नको!" तेव्हापासून तो शब्द तिचाच झाला. डासांना नको, उन्हाला नको, गॅलरीत शिरणाऱ्या कबुतरांनाही नको.

एकदा खालच्या मजल्यावरची एक चिनी बाई गॅलरीतून जाताना थांबली आणि माझ्याकडे हनुवटी करून आमाला काहीतरी म्हणाली. सूर चांगला नव्हता. आमा लसूण सोलतच म्हणाली, "का-की-नांग." बाई तशीच पुढे निघून गेली. मी आमाच्या नातीला अर्थ विचारला. ती पंचविशीची, बँकेत नोकरीला.

"आपलं माणूस," नात म्हणाली. मग हसली. "पण आंटी, ते फक्त तेओच्यू लोकांना म्हणायचं असतं. बाकीच्या चिनी लोकांनासुद्धा नाही म्हणत. तुम्हाला कसं म्हणाली, काय माहीत."

मी म्हटलं, "म्हातारी झाली, विसरली असेल."

आमाच्या घरातली गोष्ट अशी. मुलगा काही वर्षांपूर्वी गेला. सून शाळेत मँडरिन शिकवायची, आता निवृत्त आहे. ताठ बाई. तिचं माहेर दुसऱ्या बोलीचं, हक्का नावाच्या. ती लग्न होऊन आली तेव्हाच तिने सांगितलं, या घरात मुलांशी मँडरिनच बोलायचं, नाहीतर मुलं परीक्षेत मागे पडतील. नवऱ्याने मान डोलावली. आमा गप्प बसली. नातीला इंग्रजी आली, मँडरिन आली, आणि आजीशी बोलायला काही उरलं नाही.

फक्त एक वाक्य उरलं. त्यांच्यात अशी रीत आहे की जेवणाच्या वेळी घरातल्या सगळ्यात लहानाने मोठ्यांना बोलवायचं. बोलावल्याशिवाय मोठं माणूस पानावर बसत नाही. नात दोन वर्षांची असल्यापासून हे करत आली. संध्याकाळी साडेसहा-सातला ती दार उघडायची, एका हातात फोन, नजर फोनवर, आणि ओरडायची, "आमा, जिआ पुंग!" म्हणजे आमा, भात खा. तेवढंच. मग आमा लसणाची टोपली माझ्याकडे सरकवायची, गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि आत जायची.

सुरुवातीला मला वाटायचं, काय तोरा बाईचा. एकदा नातीची परीक्षा होती, ती आतल्या खोलीत दार लावून बसली होती. सून बाहेर येऊन मँडरिनमध्ये म्हणाली, "मा, छर फान." तेही भात खाच. आमा हलली नाही. सून तीनदा आली. ऐकू येत नव्हतं असं नाही, दोन मजले खाली कोणी शिंकलं तरी तिला कळायचं. आठ वाजून गेले तरी बसून होती. शेवटी नात डोळे चोळत आली, ओरडली, आणि आमा उठली. सून मला म्हणाली, "हट्टी आहे." मी म्हटलं, "आहेच."

मला यात बोलायचा हक्क नव्हता, कारण मीही तेच केलं होतं. माझं माहेर खानदेशातलं. आमच्या घरात अहिराणी. शाळेत गुरुजी म्हणायचे, शुद्ध बोल, आणि अशुद्ध बोललं की वर्गाच्या मागे उभं करायचे. मी चार वर्षांत निम्मा वेळ मागेच उभी होते. पुढे नवऱ्याला पुण्यात कारखान्यात काम मिळालं. मुलगा झाला तेव्हा मी ठरवलं, याला कोणी मागे उभं करायचं नाही. त्याच्याशी अहिराणीचा एक शब्द बोलले नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. मुलगा इंजिनियर झाला, इथे आला. चांगलं झालं. पण माझी आई मरायच्या आधी आमच्याकडे राहिली, तेव्हा तो तिच्याशी पाहुण्यासारखं बोलायचा.

आणि इथे माझ्या नातीच्या शाळेत मातृभाषा म्हणून एक विषय आहे. मराठी त्यात नाही, म्हणून ती हिंदी शिकते. पहिल्यांदा तिचं प्रगतिपुस्तक पाहिलं तेव्हा मी विचारलं, "मातृभाषा हिंदी? तुझी आई कधी हिंदीत बोलली?"

"आजी, तो फक्त सब्जेक्ट आहे ला," ती इथल्या मुलांसारखं शेवटी ला लावून म्हणाली.

"मग सब्जेक्ट म्हणा. आईला कशाला मधे ओढता?"

यावर ती तिच्या वर्गातल्या मुलींना सांगून हसली. त्यांतल्या चिनी मुली म्हणाल्या म्हणे, आमच्याही आज्यांना आमची मातृभाषा येत नाही.

तर आमाला झटका आला तो सकाळी, कुंड्यांना पाणी घालताना. मीच तिला पडलेलं पाहिलं आणि मीच सुनेचं दार वाजवलं. पुढे पाच दिवस मी हॉस्पिटलात गेले नाही. आत एका वेळी दोघांनाच सोडतात आणि मी घरची नाही. सहाव्या दिवशी दुपारी आमाची नात माझ्या दारात आली. डोळे सुजलेले.

"आंटी, आमा एकच शब्द बोलते. आई म्हणते तो तेओच्यू नाही. मी तो तुमच्या तोंडून ऐकलाय. ना-को. नको म्हणजे काय?"

मी अर्थ सांगितला. ती तिथेच पायरीवर बसली. "म्हणजे ती सहा दिवस आम्हाला नको म्हणतेय आणि आम्ही डॉक्टरांना सांगतोय की ती बरळते."

म्हणून मी गेले, माझ्या नातीला घेऊन. आणि जे पाहिलं ते वर लिहिलं आहे.

वॉर्डात फरशी पुसणारी एक बाई होती, साठीची, तेओच्यू बोलणारी. ती आमाशी रोज बोलत होती. आमा तिला अडखळत उत्तरंही देत होती. पाय दुखतो, थंडी वाजते, खिडकी लावा. पण तिने चमचा धरला तरी आमाने तोंड उघडलं नाही. सून मला म्हणाली, "बघा. भाषेचा प्रश्न नाही. तिची भाषा बोलणारी बाई आहे, तरी खात नाही. तिला जगायचंच नाहीये."

मला ते पटलं. तरी म्हटलं, मी एकदा बघते. मी नर्सकडून वाटी घेतली, समोर बसले आणि माझ्या उच्चारात म्हटलं, "आमा, जिआ पुंग."

आमाने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. अर्ध्या तोंडाने का होईना, हसली. मग मान दुसरीकडे वळवली. "नको."

मी वाटी परत दिली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत एकटीच बसले होते. मेथी निवडत होते. आमाचं स्टूल भिंतीला टेकवून ठेवलेलं. साडेसहा वाजले, पावणेसात झाले. माझ्या लक्षात आलं की मी कशाची तरी वाट बघते आहे. मग कळलं कशाची. शेजारचं दार उघडलं नव्हतं आणि कोणी ओरडलं नव्हतं. अकरा वर्षं त्या ओरडण्यावर मी माझा कुकर लावत आले होते.

मेथी तशीच टाकून मी माझ्या नातीला उठवलं. "चल, शेजारी बोलायचंय."

"आजी, माझं होमवर्क..."

"होमवर्क मरत नाही."

सुनेने दार उघडलं. आत टेबलावर एकच वाटी होती. मी विचारलं, "हॉस्पिटलात जेवण किती वाजता देतात?"

"पाचला."

"तेव्हा तिथे कोण असतं?"

"मी."

"आणि तुमची मुलगी?"

"ती ऑफिस सुटल्यावर येते. साडेसातला. तोवर आमा झोपलेली असते."

"मग तिला जेवायला बोलावतं कोण?"

माझ्या नातीने हे इंग्रजीत सांगितलं. सुनेला राग आला. "मी बोलावते! रोज तीन वेळा बोलावते."

"तुम्ही घरीसुद्धा बोलावता. तेव्हा ती येते का?"

तिने टेबलावरची वाटी बाजूला सरकवली. मी म्हटलं, "काल मी बोलावलं, तिला हसू आलं. मी म्हातारी, वर शेजारीण, मी कोण तिला बोलावणार? फरशीवाली बाईही घरची नाही. सहा दिवस झाले, त्या बाईला कोणी पानावर बोलावलेलंच नाही. नुसता चमचा पुढे करताहेत, जसा मांजराला करतात."

माझी नात मांजराच्या वाक्याशी थांबली. "आजी, हे नाही सांगत मी."

"सांग."

तिने सांगितलं की नाही देव जाणे, पण सून खुर्चीत बसली. मग जे बोलली ते मी माझ्या नातीकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. म्हणाली, मी लहान होते तेव्हा आमच्या मजल्यावर पाच बोली होत्या. एकमेकांचं कळायचं नाही. मुलांची टोळकी बोलीवरून व्हायची, मारामाऱ्या व्हायच्या. शाळेत सांगितलं, एक भाषा बोला, एक व्हा. घरची बोली तोंडातून निघाली की वर्गाच्या मागे उभं राहायचं. मला ते पटलं होतं. मी तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं, आणि ती मुलं आज एकमेकांशी बोलतात. हे चूक होतं का?

"चूक नव्हतं," मी म्हटलं. "मीही मागे उभी होते. मीही मुलाशी तेच केलं. पण तुमची सासू आता परीक्षेला बसणार नाहीये."

यावर ती एकदम हसली. मी तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग तिने फोन उचलून मुलीला सांगितलं, उद्या अर्धी रजा घे.

तो उद्याच शेवटचा दिवस होता. पावणेपाचला आम्ही चौघी पोचलो. दोघांनाच आत सोडतात, पण नर्सने माझ्याकडे आणि माझ्या नातीकडे न पाहिल्यासारखं केलं. आमा आणखी बारीक झाली होती. डोळे मिटलेले. हात तसेच बांधलेले.

ट्रॉली आली. आमाची नात पलंगाजवळ उभी राहिली. आजूबाजूला सहा पलंग, त्यांच्याजवळ त्यांची माणसं. मुलगी लाजली. कानाशी वाकून पुटपुटली, "आमा, जिआ पुंग."

काही नाही.

पुन्हा म्हणाली. आमाने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. पुन्हा मिटले.

"आंटी, नाही होत," मुलगी म्हणाली.

मला चीड आली. "हात बांधून कोणी कुणाला जेवायला बोलावतं का? सोडा ते आधी."

नर्स म्हणाली, जवळ कोणी बसणार असेल तर सोडते. सून म्हणाली, मी बसते. पट्ट्या सुटल्या, मोजे निघाले. आतून हात पांढरे आणि सुरकुतलेले निघाले, धुणं धुतल्यावर होतात तसे. पलंगाचं डोकं वर केलं, आमाला उशा लावून बसवलं, टेबल पुढे सरकवलं, त्यावर वाटी ठेवली.

मी मुलीला म्हटलं, "आता तू दारात जा."

"दारात?"

"घरी दारातूनच बोलावतेस ना? कानात कुजबुजतेस का? जा. आणि घरी कशी ओरडतेस तशी ओरड. फोन घे हवा तर हातात."

ती वॉर्डाच्या दारापर्यंत गेली. तिथून तिने आमच्याकडे पाहिलं, खाली फोनकडे पाहिलं, आणि ओरडली, "आमा! जिआ पुंग!"

अख्खा वॉर्ड वळला. समोरच्या पलंगावर एक चिनी म्हातारी झोपली होती, ती दचकून उठून बसली आणि स्वतःचा चमचा शोधायला लागली.

आमाने डोळे उघडले. डावा हात उचलला, गुडघ्यावर ठेवला. उठायचंच होतं तिला, सवयीने. उठता आलं नाही, तेव्हा तिने टेबलावरची वाटी पाहिली. सुनेने चमचा भरला. आमाने तोंड उघडलं.

पहिला चमचा अर्धा सांडला. दुसरा गेला. तिसरा गेला. माझी नात माझ्या हाताला चिमटे काढत होती, मी तिला दटावलं. सात चमचे खाल्ले तिने, मी मोजले. मग सुनेच्या हाताकडे पाहिलं आणि जड जिभेने काहीतरी विचारलं. फरशीवाली बाई तिथे रेंगाळत होती, तिने आम्हाला सांगितलं, "तू जेवलीस का, विचारतेय."

सुनेने सासूकडे पाहिलं. आणि तिने तेओच्यूत उत्तर दिलं. तिला येत होतं. इतकी वर्षं एकाच घरात राहून कसं येणार नाही. दोनच शब्द होते, जेवले म्हणून. फरशीवाली खुदकन हसली. आमानेही तोंड वाकडं केलं आणि तेच दोन शब्द सावकाश, नीट करून म्हणून दाखवले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईची चूक काढली. सुनेने पुन्हा म्हटलं. आमाने मान हलवली, अजून बरोबर नाही. सुनेने तिसऱ्यांदा म्हटलं. मग आठवा चमचा गेला.

परत नळी घातली नाही. पहिले पंधरा दिवस नातीने पाचचं जेवण सांभाळलं. बँकेत काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. ज्या दिवशी तिला जमायचं नाही त्या दिवशी ती फोनवरून ओरडायची आणि सून फोन आमासमोर धरायची. तेही चाललं. आमाला कोणी बोलावलं एवढं पुरत होतं, माणूस कुठे उभं आहे ते ती बघत नव्हती.

आता चाकांच्या खुर्चीत आहे. बोलणं निम्मं परत आलं, उजवा हात आला नाही. लसूण सोलता येत नाही, म्हणून मी सोलते आणि ती चुका काढते. नातीने फोनमध्ये आजीचे शब्द जमवायला घेतलेत, रविवारी बसून विचारते. आमा तिला शिव्या आधी शिकवते असं सून सांगते, आणि ते सांगताना स्वतःही एखादा शब्द सुधारून देते. शाळेत मँडरिन शिकवणारी बाई घरात तेओच्यू बोलते, आणि देश काही मोडला नाही. खालच्या दुकानात ती अजून मँडरिनच बोलते, बँकेत इंग्रजी बोलते. सगळं जिथल्या तिथे आहे.

माझ्या नातीने मला विचारलं, "आजी, आपल्यात जेवायला कसं बोलावतात? खरं आपल्यात, तुझ्या आईकडे."

मी सांगितलं. "चाल वं, जेवाले."

ती ते दिवसभर म्हणत फिरली, चुकीच्या हेलात. संध्याकाळी माझा मुलगा ऑफिसातून आला, त्याने दारातच ऐकलं आणि बूट काढता काढता थांबला. "हे मला कळतं," म्हणाला. "मला कधी शिकवलं होतंस?"

"नव्हतं शिकवलं," मी म्हटलं. "तुझ्या आजीने शिकवलं असेल. हात धू."

मी त्याच्याशी अहिराणी बोलायला लागले असं नाही. पन्नाशीच्या माणसाशी एकदम काय बोलणार. पण जेवायला बोलावताना बोलते. तेवढं जमतं.

आमा आता एक्क्याण्णव वर्षांची आहे. साडेसहाला शेजारचं दार उघडतं, तिला हाक येते आणि ती जेवते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मीही जेवते.